सेंट अँड्रूज येथील हिरवळीची हकीकत

सनदा, महजर व निवाडपत्रें यांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांपुढें गोल्फच्या मैदानावरील गवताची हकीकत मांडणें प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल. परंतु स्कॉटलंडांतील सेंट अँड्रूज या गांवीं समुद्रकांठीं जी हिरवळ आहे, तिच्यासंबंधाचे कागद सुमारें पावणेपांचशें वर्षांपूर्वींपासूनचे आहेत आणि त्यांतील महत्त्वाचे कागद खेळाचे नसून जमिनीवरील हक्कांचे आहेत. या मैदानाविषयीं एक मत रूढ झालें आहे तें असें कीं, तें कोणी केलेलें नाहीं, निसर्गानेंच घडविलें आहे. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. जमीन निसर्गाची खरी; परंतु तिजवरील गवत राखलेलें आहे. तें कोणी, कोणत्या हक्कानें व कोणत्या साधनांनीं राखलें हें बऱ्याच अंशीं दाखवितां येतें. तेंच येथें करावयाचें आहे.

प्रथम जमीन पाहूं. लिंक्स म्हणजे समुद्राची पुळण व नांगराखालची जमीन यांच्या मधली वाळूची, उंचसखल, गवताळ पट्टी. तेथें पाणी ठरत नाहीं, खत टिकत नाहीं, पीक येत नाहीं. म्हणूनच ती नांगरापासून वांचली. तेथें उगवतें तें फेस्क्यू व बेंट या जातींचें गवत. त्याचें पातें बारीक व वाढ मंद. उपासमारींत तें तग धरतें. मात्र जमीन सकस झाली कीं दुसरीं धटिंगण गवतें येऊन त्यास हुसकून लावतात. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील हकीकतीचा बराच भाग त्याच्यावर उभा आहे. आपल्याकडील गोल्फच्या मैदानांवर बहुधा हरळी असते, म्हणजे गणपतीस वाहतों तीच दूर्वा. ती उष्ण देशाची; होळीच्या सुमारास आपल्याकडे पाण्यावांचून ती वाळूं लागते, त्याच वेळीं स्कॉटलंडांत थंडीनें निजलेलें फेस्क्यू जागें होऊं लागतें. दोहोंचा ऋतु निराळा, जात निराळी. हक्काच्या दृष्टीनें मात्र सेंट अँड्रूजची लिंक्स आपल्या गायरानासारखीच होती. जमीन नगराची, तिजवर गुरें-मेंढ्या चारीत, बायका धुतलेलीं वस्त्रें वाळत घालीत, आणि त्याच जमिनीवर लोक खेळत.

गोल्फचा पहिला लेखी उल्लेख बंदीचा आहे. राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटानें फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ बंद करावे व लोकांनीं धनुर्विद्येचा सराव करावा असा कायदा केला. त्याची तिथि ६ मार्च १४५७ अशी दिली जाते. परंतु त्या काळीं स्कॉटलंडांत वर्ष २५ मार्च रोजीं सुरू होई. १ जानेवारीस नवें वर्ष धरण्याची रीत तेथें १६०० पासून पडली. म्हणजे हा कायदा आजच्या गणनेनें १४५८ सालचा ठरतो. शुहूर व फसली सनांचा मेळ घालतांना ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु खेळाच्या लोकप्रिय पुस्तकांतून १४५७ हेंच साल टिपणीवांचून उतरत आलें आहे.

आमच्या विषयास प्रत्यक्ष लागू पडणारा पहिला कागद म्हणजे २५ जानेवारी १५५२ ची सनद. ही तारीख जुन्या गणनेची धरल्यास तीही १५५३ त जाते. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यास लिंक्सच्या उत्तरेकडील, ईडन नदीच्या पाण्यालगतच्या भागांत ससे सोडण्याची व वाढविण्याची मोकळीक असावी असा या कागदाचा मुख्य विषय. सशाचें मांस व कातडें हें त्या काळीं उत्पन्नाचें साधन होतें. परंतु त्याच कागदांत नगरवासीयांचा गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर सर्व करमणुकींचा त्या जमिनीवरील हक्क राखून ठेवला आहे. खेळाचे इतिहासकार हें राखणीचें वाक्य तेवढें उचलतात आणि ससे हा गौण मजकूर समजून सोडून देतात. आमच्या दृष्टीनें दोन्ही कलमें एकत्र वाचावयास हवीं. एकाच गवतावर ससा व खेळाडू या दोघांचा हक्क एकाच कागदानें मान्य झाला. त्यांत कोण वरचढ हें मात्र ठरलें नाहीं. अशा संदिग्ध सनदेचें पुढें काय होतें हें आपल्या वतनांच्या तंट्यांवरून वाचक जाणतातच.

येथें एका शब्दाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. आज गोल्फ खेळतांना काठीच्या घावानें उखडलेल्या गवताच्या तुकड्यास ‘डिव्हट’ म्हणतात. हा शब्द खेळांत जन्मलेला नाहीं. स्कॉट भाषेंत डिव्हट म्हणजे छपरावर घालण्यासाठीं मुळांसकट कापून काढलेला गवताचा पातळ चकंदळ. आणि दुसऱ्याच्या जमिनींतून असे तुकडे कापून नेण्याचा हक्क स्कॉटलंडच्या कायद्यांत ‘फील अँड डिव्हट’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ज्या जमिनीवरून लोक घरें शाकारण्यास गवत सोलून नेत, तिचीच राखण पुढें खेळासाठीं करावयाची होती. उखडलेला डिव्हट पुन्हा जागीं बसवावा हा खेळाडूंचा आजचा नियम आणि डिव्हट कापून घरीं न्यावा हा पूर्वीचा हक्क, या दोहोंमधील अंतर म्हणजेच हिरवळीचा इतिहास होय, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

गवत कापण्याचें यंत्र निघण्यापूर्वीं गोल्फ हा मुख्यत्वें शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा खेळ होता. उन्हाळ्यांत गवत वाढे व चेंडू सांपडत नसे. सेंट अँड्रूजच्या खेळाडूंची मंडळी १४ मे १७५४ रोजीं बावीस सरदार व गृहस्थांनीं चांदीच्या काठीच्या बक्षिसासाठीं सामना ठरवून स्थापिली. मे महिना निवडण्यांत, हिवाळ्याची झीज भरून आली आहे पण गवत अजून माजलें नाहीं, असा वेळ साधण्याचा हेतु असावा हें आमचें अनुमान आहे. याच मंडळीस १८३४ त चौथ्या विल्यम राजाकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. मंडळीनें १७६४ त बावीस गदांचा खेळ अठरांवर आणला. ती संख्या पुढें सर्व जगानें स्वीकारली.

गवताच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा पुरावा लीथ येथील १७४४ च्या नियमांत आहे. त्यांतील पहिलाच नियम असा कीं, पुढचा डाव मागील गदीपासून एका काठीच्या अंतराच्या आंत मांडावा. म्हणजे जेथें चेंडू हळुवार लोटावयाचा, तेथूनच तो जोरानें मारावयाचा. चेंडू उंचावर ठेवण्यास लागणारी चिमूटभर वाळूही लोक त्याच गदींतून उकरून घेत. गदीभोंवतीं गवत कसें राहिलें असेल याची कल्पना करावी. आज ज्या गुळगुळीत वर्तुळास ग्रीन म्हणतात तें त्या काळीं नव्हतें असेंच या एका नियमावरून निघतें.

आतां सशांचा तंटा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट अँड्रूजची नगरसभा कर्जांत पुरती बुडाली होती. तिनें १७९७ त लिंक्स टॉमस अर्स्किन नांवाच्या गृहस्थास विकली. गोल्फचा हक्क याही वेळीं कागदोपत्रीं राखला होता. अर्स्किननें ती १७९९ त चार्ल्स डेम्प्स्टर व त्याचा मुलगा कॅथकार्ट या व्यापाऱ्यांस दिली. डेम्प्स्टरांनीं तेथें सशांची पैदास व्यापारी प्रमाणावर सुरू केली. अडीचशें वर्षांपूर्वींच्या सनदेंतील दोन कलमें आतां एकमेकांसमोर उभीं राहिलीं. खेळाडूंचें म्हणणें असें कीं, बिळांनीं व उकिरण्यानें मैदान खेळण्यालायक राहिलें नाहीं, तेव्हां राखलेला हक्क नांवापुरताच उरला. मालकांचें म्हणणें असें कीं, जमीन आमची, ससे आमचे, आणि सशांचा हक्क जुना. मंडळीनें वर्गणी जमवून दावा लावला. एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशननें खेळाडूंच्या बाजूनें कौल दिला व नगरवासीयांस ससे मारण्याची मोकळीक असल्याचें मानलें. प्रकरण अपिलांत लंडनास हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें गेलें. तेथून तें १८१३ त शेवटचा निकाल न होतां परत पाठविलें गेलें. हा काळ म्हणजे आपल्याकडील दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीचा. पुण्याच्या दफ्तरांत शिवेचे व चराईचे तंटे ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या दाव्यांतील युक्तिवाद अपरिचित वाटणार नाहींत.

तंटा मिटला तो न्यायानें नव्हे, खरेदीनें. स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप यानें १८२१ त लिंक्स विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता. सशांचा व्यापार थांबला व मैदान खेळासाठीं वांचलें. एका व्यक्तीच्या आवडीवर एवढ्या जुन्या सार्वजनिक हक्काचें रक्षण अवलंबून राहिलें ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटत नाहीं. नगरसभेनें कर्जाच्या वेळीं जें विकलें तें तिच्या एकटीचें नव्हतेंच.

परंतु सशांस केवळ शत्रु ठरवूं नये. गवत कापणारें यंत्र नसतां तें गवत इतकें आंखूड व दाट कसें राहिलें, या प्रश्नाचें उत्तर ससे व मेंढ्या हेंच आहे. त्यांच्या सततच्या कुरतडण्यानें उंच वाढणारीं गवतें मागें हटलीं व बारीक फेस्क्यू टिकलें. याचा उलट पुरावा विसाव्या शतकांत मिळाला. ब्रिटनमध्यें १९५३ त मिक्सोमाटोसिस हा सशांचा रोग शिरला आणि थोड्याच वर्षांत बहुतेक ससे मेले. तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या आंखूड राहिलेलीं टेकड्यांवरील कुरणें रानगवतानें व झुडपांनीं भरून गेलीं. म्हणजे हॅमिल्टनच्या सनदेनें सोडलेले ससे बिळें करून मैदान बिघडवीत होते आणि चरून तेंच मैदान घडवीतही होते. डेम्प्स्टरांचा दोष ससे पाळण्यांत नव्हता. त्यांच्या संख्येस मर्यादा न ठेवण्यांत होता.

यापुढें माणसाचा हात स्पष्ट दिसूं लागतो. एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें १८३० त गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींत लोकरी कापडावरील लव कापणाऱ्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू निघाला आणि १८५२ त सेंट अँड्रूजपर्यंत आगगाडी आली. खेळणारे वाढले, झीजही वाढली. नुसत्या चराईवर भागण्याचे दिवस संपले.

या संधिकाळांत टॉम मॉरिस (१८२१–१९०८) याची नेमणूक झाली. तो सेंट अँड्रूजचाच. १८५१ त प्रेस्टविक येथें मैदान राखण्यास गेला होता, तेथून मंडळीनें त्यास परत बोलाविलें. १८६५ पासून १९०३ पर्यंत तो येथील मैदानाचा रखवालदार होता. त्याचा पगार सालीना ५० पौंड, आणि मैदानाच्या डागडुजीस निराळे २० पौंड. त्याच्या हवालीं एक हातगाडी, एक खोरें व एक फावडें करण्यांत आलें. आम्हांस ही यादी फार बोलकी वाटते. पोशाख, शिरपेंच व तलवार देऊन नेमणूक होते तशी ही हातगाडी व खोरें देऊन झाली. आणि त्याच हत्यारांनीं आजचें मैदान घडलें.

वसंतांतील त्याच्या कामाचा क्रम पुढील कारणांनीं ठरलेला होता. हिवाळ्यांत जमिनींतील पाणी गोठून माती फुगते व गवताचीं मुळें वर उचललीं जातात. म्हणून बर्फ वितळल्यावर रूळ फिरवून तीं पुन्हा मातीशीं दाबावीं लागतात. मार्च-एप्रिलांत त्या किनाऱ्यावर पूर्वेचा कोरडा, थंड वारा असतो. उन्हाळा आलासा दिसतो, पण माती सुमारें ६ अंश सेंटिग्रेडच्या वर तापेपर्यंत गवत वाढत नाहीं. या मधल्या आठवड्यांत घाईनें आंखूड कापलें तर मुळें उघडीं पडून जळतात. म्हणून पहिली कापणी उंच ठेवावयाची, वाळकें गवत दंताळ्यानें ओढून काढावयाचें, झिजलेल्या जागीं बीं टाकावयाचें किंवा चांगल्या जागेवरील चकंदळ आणून बसवावयाचें, आणि वाढ सुरू झाल्यावर वाळू पखरावयाची.

वाळूसंबंधीं एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. प्रेस्टविक येथें टॉमच्या हातून वाळूची हातगाडी एका ग्रीनवर उलटली, आणि पुढें तेथेंच गवत अधिक जोमदार आलें. त्यावरून त्यानें वाळू पखरण्याची रीत काढली. ही आख्यायिका म्हणूनच नोंदवावी असें आमचें मत आहे. वाऱ्यानें उडालेल्या वाळूखालून गवत कसें फुटतें हें लिंक्सवर जन्मलेल्या माणसास हातगाडी उलटेपर्यंत कळलें नसेल हें संभवत नाहीं. रीत मात्र खरी, व तिचें कारणही स्पष्ट आहे. वाळूनें खळगे भरतात, वाळक्या पात्यांचा व मुळ्यांचा गच्च थर मोकळा होतो, पाणी निथळतें आणि जमीन सकस न होतां फेस्क्यूस हवी तशी गरीबच राहते. शेणखताच्या सवयीनें पाहणाऱ्यास जी उपासमार वाटेल तीच येथें मशागत होती.

टॉमचीं दुसरीं दोन कामें याहून कमी सांगितलीं जातात, पण तीं आम्ही मोठीं मानतों. त्यानें डाव मांडण्याची जागा ग्रीनपासून वेगळी केली. १७४४ च्या नियमानें जी झीज पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणीं होत आली होती ती त्यामुळें विभागली. आणि रविवारीं मैदान बंद ठेवण्याची जुनी चाल त्यानें कसोशीनें पाळली. मुळांत ही चाल धर्माची; परंतु खेळणारांस विश्रांति नको असली तरी जमिनीस हवी, असें कारण तो देत असे. जुनें मैदान आजही मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडल्यास रविवारीं खेळास बंद असतें. मैदान एका आठवड्यास सुलट व एका आठवड्यास उलट दिशेनें खेळण्याची रीतही त्या काळीं होती. तिचा हेतु हाच कीं, काठीचे घाव त्याच त्या जागीं पडूं नयेत.

नेमणूक, पगार व खर्चाच्या रकमा यांच्या नोंदी राहतात. वाळू कोणत्या महिन्यांत, कोठें व किती गाड्या पडली हें मात्र राबणाऱ्याच्या रोजनिशीवांचून कळत नाहीं. संग्राहक मंडळी सहीशिक्क्याचे कागद जपतात. माळ्याची, रखवालदाराची किंवा मुकादमाची वही रद्दींत जाते. आपल्याकडील संस्थानी बागांच्या व क्लबांच्या अशा वह्या कोणाच्या हातीं आल्या तर त्या टाकून देऊं नयेत, एवढी आमची विनंती आहे.

१८९४ त पार्लमेंटाच्या कायद्यानें नगरानें आपलीच लिंक्स ५००० पौंडांस परत घेतली. १९७४ च्या दुसऱ्या कायद्यानें तिची व्यवस्था एका विश्वस्तमंडळाकडे गेली, ती आजतागायत तशीच आहे. १५५२ च्या सनदेंतील राखीव हक्क असा पुन्हा जागेवर आला. आज नोव्हेंबरपासून मार्चअखेर तेथें खेळाडूस एक लहानशी चटई जवळ बाळगून तिच्यावरून चेंडू मारावा लागतो, म्हणजे थंडीनें वाढ थांबलेल्या गवतावर घाव पडत नाहींत. एप्रिल लागला कीं चटया जातात.

या हकीकतीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८९० नंतर गोल्फ समुद्रकांठ सोडून इंग्लंडच्या आंतल्या भागांत शिरला. तेथें अनेक ठिकाणीं वाळू नव्हती. चिकण माती होती, व तींत गांडुळें अमाप होतीं. चार्ल्स डार्विननें १८८१ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें होतें कीं, इंग्लंडच्या अनेक भागांत गांडुळें दर एकरीं वर्षास दहा टनांहून अधिक माती वर आणून टाकतात. शेतकऱ्यास हें वरदान. पण ग्रीन राखणारास नव्हे. ओल्या गुठळ्या पायाखालीं व रुळाखालीं चेपून त्यांचा चिखल होतो, बारीक गवत गुदमरतें व रानगवताचें बीं त्या चिखलांत रुजतें. यावर जो उपाय विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झाला तो ‘मोव्हरा मील’ या नांवाचा, म्हणजे आपल्या मोहाची पेंड. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडे ज्या झाडाचीं फुलें वेंचतात त्याच्याच बियांचें तेल काढल्यावर ही पेंड उरते. तींत साबणासारखें फेंसाळणारें सॅपोनिन हें द्रव्य असतें. म्हणून ती गुरांस चारीत नाहींत, आणि डोहांतील मासे गुंगविण्यास ती आपल्याकडे पूर्वींपासून वापरीत आले आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वीं मोहाच्या बिया मुंबई बंदरांतून युरोपांत साबण व मेणबत्त्यांच्या कारखान्यांकडे जात.

वसंतांत किंवा शरदांत, दमट व उबदार दिवशीं, गांडुळें पृष्ठभागालगत असतां ही पेंड ग्रीनवर पसरीत व वर भरपूर पाणी ओतीत. थोड्याच वेळांत गांडुळें वर येऊन मरत. तीं झाडूनें लोटून हातगाड्या भरभरून नेत. डोहांत माशांवर चालणारी आदिवासींची युक्ति लंडनच्या आसपासच्या क्लबांत गांडुळांवर चालली. ती प्रथम कोणी सुचविली त्याचें नांव या व्यवहारांत राहिलेलें नाहीं. विक्रीस ती येई ती विलायती बियाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या छापाखालीं.

पेंडीच्या मागून शिशाचें आर्सेनेट आलें, त्यामागून क्लोर्डेन. क्लोर्डेन जमिनींत वर्षानुवर्षें टिके व फार प्रभावी होतें. ब्रिटनमध्यें त्याचा हा वापर १९९२ त बंद झाला. त्यानंतर कार्बेन्डाझिमवर भिस्त होती, तेंही २०१७ त गेलें. म्हणून आतां तेथील रखवालदार वसंतांत सकाळीं गुठळ्या उन्हावाऱ्यानें सुकण्याची वाट पाहतात, लांब लवचीक काठी गवतावरून फिरवून त्या फोडून विखुरतात, आणि मग वाळू पखरतात.